तो ठिपका पुसायचा नाही

आज एका ओळखीच्या संग्राहकांना माझा बॉक्सिंग ग्लोव्ह दाखवला. लाल, डाव्या हाताचा, त्यावर चंदेरी मार्करने केलेली एका माजी विश्वविजेत्याची सही. भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "सही खरी आहे. पण थरथरलीय हो. आणि खाली हा ठिपका कसला? पुसता येईल का?"

तेव्हापासून डोकं तापलंय माझं.

ती सही माझ्या डोळ्यांसमोर झालीय. दोन तास रांगेत उभी होते. टेबलामागे बसलेले चॅम्पियन थकलेले, बोटांची पेरं सुजलेली, मार्कर नीट धरायलाच त्यांना वेळ लागत होता. मागून कुणीतरी "चला, लवकर" करत होतं. त्यांनी एकेक अक्षर जोर लावून काढलं. थरथरणारच ना! आयुष्यभर ठोसे मारलेला हात आहे तो.

मुहम्मद अलींचंच घ्या. १९८४ मध्ये पार्किन्सनचं निदान झालं आणि पुढे सही लहान होत, आक्रसत गेली. तरुणपणीची 'कॅशियस क्ले' या मूळ नावाची ऐटदार सही आणि उतारवयातली ती आखडलेली रेघ शेजारी ठेवून बघा, आवंढा येतो घशाशी. आणि लोक सहीला दहापैकी गुण देतात, शाळेत हस्ताक्षराला द्यायचे तसे! शेवटच्या वर्षांतली म्हणून कुणी ठसठशीत, मोकळी सही विकायला आणली, तर मला आधी संशय येतो.

घोटीव सह्या नकली करणारेच काढतात. १९९० च्या दशकात एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन'मध्ये टोळी पकडली, तर सह्याही खोट्या आणि सोबतची प्रमाणपत्रंही खोटी. मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलसुद्धा निघाले त्यात! मीही एकदा 'सही खरी' सांगणाऱ्या चकचकीत होलोग्राम स्टिकरला भुलून पैसे घालवलेत. म्हणून तर रांगेत उभी राहिले.

बरं, मान्य. प्रत्येकाला चॅम्पियनसमोर उभं राहायला मिळत नाही, आणि अनोळखी माणसाकडून घेताना तपासणी हवीच.

पण खेळाडू सहीचे पैसे घेतात म्हणून नाकं मुरडू नका. जो लुईस १९३७ ते १९४९ हेवीवेटचे विश्वविजेते. करांच्या थकबाकीत पिचले आणि उतारवयात लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेस या कॅसिनोत पाहुण्यांचं स्वागत करत उभे राहिले. घेऊ देत की पैसे, त्यांचा हात आहे.

ठिपक्याचं सांगायचं राहिलं.

सही झाल्यावर चॅम्पियननी मार्कर उचललाच नाही. तसाच ग्लोव्हवर टेकवून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "नाव काय लिहू?" मी म्हणाले, "नाव नको, फक्त सही." नाव घातलं की किंमत उतरते, असं मला कुणीतरी शिकवून ठेवलं होतं. ते थांबलेच. ऐकू आलं नसेल असं वाटून मी पुन्हा तेच सांगितलं. दोनदा नको म्हटलं मी त्या माणसाला. मग त्यांनी हळूच मार्करला टोपण लावलं.

आज हे गृहस्थ निघताना काय म्हणाले माहितेय? "नाव घातलं नाहीत ते बरं केलंत."

मला विकायचाच नव्हता तो ग्लोव्ह. तेव्हाही नाही, आताही नाही. मग कुणासाठी राखली मी ती किंमत?

इनबॉक्समध्ये भाव विचारू नका. आणि ठिपका पुसायचा उपाय तर मुळीच सांगू नका. माझं नाव तिथून सुरू होणार होतं.