खुलासा : दानाचा हिशेब मागणे हा अविश्वास नव्हे

सध्या व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतोय : ‘दरिद्री विधवेने दानपेटीत दोन टोल्या (अगदी कमी किमतीची नाणी) टाकल्या, हिशेब विचारला नाही. तुम्हीही कर्ज काढून द्या. प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास.’ बायबल असे सांगत नाही.

कर्जाचा तर त्या गोष्टीत उल्लेखच नाही. बायबलमधल्या मार्क या पुस्तकाच्या 12 व्या अध्यायातली ती विधवा होते ते देते. आणि तिच्या आधीच्याच ओवीत (वचनात) येशू विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांना (यहुदी धर्मशास्त्राच्या शिक्षकांना) खडसावतो. ती ओवी गाळून गरिबाच्या खिशात हात घालणे मला संतापजनक वाटते.

येशूचा प्रेषित पौल याने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, ती कशी ते पाहा. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला ठेवायचे. रक्कम पोहोचवणारी माणसे करिंथ शहरातल्या मंडळीने (ख्रिस्ती समुदायाने) स्वतः पसंत करायची. पुढे करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या 8 व्या अध्यायात पौलाचा सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक भाऊ पाठवला जातो. एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणी बोट दाखवू नये, हे कारण पौल स्वतःच देतो. खुद्द प्रेषिताला साक्षीदार हवे होते, मग आपल्या खजिनदाराला पावती मागितली तर बिघडले कुठे?

मासेदोनिया प्रांतातल्या मंडळ्यांनी ऐपतीपलीकडे दिले, हेही त्याच अध्यायात आहे. पण आपखुशीने, उलट देऊ द्या म्हणून विनवण्या करून. त्याच अध्यायात पौल स्पष्ट करतो, की जवळ असेल त्या मानाने दिलेले देवाला मान्य आहे, नसेल त्या मानाने नव्हे.