खुलासा : पुढे आलेलं कपाळ 'नुसतं घासून' सपाट होतं का?

कोथरूड-कर्वेनगरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'भुवयांवरचा उंचवटा अर्ध्या तासात घासून काढतात, स्कॅनची गरज नाही.' हे चूक आहे, आणि धोक्याचंही.

भुवयांच्या वरचं ते हाड बहुतेकांमध्ये आतून पोकळ असतं. तिथे फ्रंटल सायनस, म्हणजे हवेची पोकळी असते. तिची पुढची भिंत काही मिलिमीटरचीच. भिंत पातळ असेल आणि ती घासत गेलं, तर थेट पोकळीच उघडी पडते. म्हणून आधी सीटी स्कॅन करून भिंतीची जाडी आणि पोकळीचा आकार पाहतात. डावी-उजवी बाजू सारखी नसते, काहींना तर हा सायनसच नसतो. हाड जाड असेल किंवा पोकळी नसेल, तर घासणं पुरतं. नाहीतर पुढची भिंत कापून काढायची, तिला आकार द्यायचा आणि मागे सरकवून टायटॅनियमच्या बारीक पट्ट्यांनी बसवायची. ही पूर्ण भूल देऊन करायची शस्त्रक्रिया आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे सर्जन डग्लस ऑस्टरहाउट यांनी कपाळांचे असे गट पाडून प्रत्येकाला वेगळी पद्धत सुचवली, तो लेख 1987 चा.

भुवईपाशी वर चढणाऱ्या संवेदनेच्या नसाही जपाव्या लागतात, नाहीतर कपाळ नि डोक्याचा वरचा भाग बधिर राहू शकतो.

आणखी एक, मेसेजमध्ये मुळीच नसलेली गोष्ट: मोठेपणी कपाळ, जबडा, हातपाय वाढत असतील, अंगठी घट्ट होत असेल, तर आधी एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या विकारांच्या डॉक्टरकडे जा. ग्रोथ हार्मोन जास्त असण्याची ती खूण असू शकते.