कॉन्टेसा घेतलीत? आता तिची वाट लावा

अभिनंदन! 'भारताची मसल कार' अखेर तुमच्या दारात आली. हिंदुस्थान मोटर्सने ती २००२ मध्ये बंद केली, पण रील्सवर रोज नवी निघते. आता रिस्टोअर करायची की मॉडिफाय? फार डोकं चालवू नका.

आधी रंग ठरवा. गाडीखाली वाकून काय बघायचंय, तिथे गंजच असतो! मॅट काळा मारा, वर पिवळे पट्टे, बॉनेटला स्कूप. आरसीवर 'पांढरा' लिहिलेलं असेल तर असू दे.

इंजिन कोणतं आहे हेही विचारू नका. सुरुवातीच्या गाड्यांत ॲम्बॅसेडरचं १४८९ सीसी होतं. एवढं धूड त्याला ओढवत नाही, तेव्हा ते बदलावंसं वाटलं तर एक वेळ समजू शकतं. नंतर इसुझूचं १८१७ सीसी आलं, पाच गिअरचं, आजही छान चालणारं. नेमकं तेच उपसून भंगारात द्या. सिलिंडरमधला दाब मोजणारी कम्प्रेशन टेस्ट तर मुळीच करू नका. चारही सिलिंडरचे आकडे दहा टक्क्यांच्या फरकात निघाले तर इंजिन ठेवावं लागेल, केवढी पंचाईत! त्यापेक्षा टोयोटाचं अडीच लिटरचं टर्बो वनजेझेड आणा. २८० पीएस! सहा सिलिंडर एका रांगेत, लांबीला मावलं नाही तर? मग इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत, म्हणजे फायरवॉल, कापा. ब्रेक, प्रोपेलर शाफ्ट आणि मागचा एक्सल ८८ हॉर्सपॉवरच्या हिशेबाने बनवलेत, याची आठवण ते स्वतःच करून देतील. बहुधा खंबाटकी उतरताना.

मोठे हॅलोजन लावा, स्विचवरचा भार कमी करणारा रिले नको. स्विच जळाल्याचा वास आला की गाडी गरम झाली समजा.

जुने रबरी पेट्रोल पाइप तसेच राहू द्यात. पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलने ते फुगतात, चिरतात आणि गरम इंजिनवर ठिबकतात, पण बॉनेट बंद असलं की दिसत नाही.

काचेचं बीडिंग, टेललॅम्प, ग्रिल काढून फेकून द्या. बाजारात ढिगाने पडलेत म्हणे.

आणि पत्रा? त्याचं काम 'फुल्ली रिस्टोअर्ड' विकणाऱ्यांकडून शिकावं. परवा अशाच एका चकचकीत गाडीच्या दाराखालच्या बॉक्सला स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला. पुट्टीमागून वर्तमानपत्राचे बोळे आणि फोम निघाला! वर रंगाचे तीन हात, खाली डांबर, आतला ओलावा आतच. या गाडीला वेगळी चेसिस नाही हो, सगळा भार हा बॉक्सच पेलतो. बघायचं असेल तर आधी दार किती सहज लागतं ते पाहा, मग मधोमध जॅक लावून पुन्हा लावा. अडकलं, की कणा गेला. तो बदलायचा तर आधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप वेल्ड करून आधार द्यायचा, मगच कटर लावायचा, आणि एका वेळी एकच बाजू कापायची. एवढी अक्कल नसेल तर दोन्ही बाजू एकदम कापल्या जातात, गाडी मधे वाकते आणि दारं जन्मात जुळत नाहीत! गॅस वेल्डिंगने पत्रा तापून लाटा येतात, म्हणून विजेवरचं मिग वेल्डिंग. पाणी निथळायची भोकं बुजवायची नाहीत, आत मेण फवारायचं. पुट्टी दोन-तीन मिलिमीटर, बस्स! त्यापुढे फसवणूक आहे ती. फडक्यात लोहचुंबक गुंडाळून फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे तुमचे पैसे गाडलेत.

आता थट्टा पुरे. रिस्टोअर की मॉडिफाय हा प्रश्न लिफ्टवर गाडी चढवल्यानंतरचा आहे, तुम्ही तो टोकन देण्याआधी फोटो बघून सोडवता. मॉडिफाय करायचंच तर उद्या नट काढून परत पहिल्यासारखं होईल असं करा: ठिणगीसाठी जुने पॉइंट असतील तर इलेक्ट्रॉनिक इग्निशन, मोठा रेडिएटर, रिले, नवे पाइप. मूळ सुटे भाग खोक्यात घालून, चिठ्ठ्या लावून ठेवा. आणि 'सगळे करतात' हे आरटीओत चालत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यावर स्पष्ट सांगितलंय की कंपनीच्या मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल नोंदवता येत नाहीत. 'व्हिंटेज आहे' म्हणूनही सुटणार नाही, त्याला ५० वर्षं लागतात आणि गाडी मूळ रूपात लागते. अपघात झाला की विम्याचा सर्व्हेअर इंजिन नंबर आरसीशी ताडतो, तेव्हा तुमचे २८० पीएस कुणाच्या कामाचे? ऐपत नसेल तर गाडी कोरड्या शेडमध्ये झाकून ठेवा, बॅटरी काढा, टाकी रिकामी करा. कटर मात्र खाली ठेवा. कापलेली फायरवॉल पूर्ववत करून देणारा मिस्त्री तुम्हाला सापडणार नाही, आणि सापडला तरी तुम्ही त्याला मजुरी द्यायला तयार नसता.