झाड पाडण्याआधी त्याच्या बुंध्याशी बसून पाहा

गेल्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या इमारतीसमोरच्या जुन्या झाडाची मोठी फांदी कडाडून खाली आली. कुणाला लागलं नाही, एका गाडीची काच फुटली. दुसऱ्या दिवशी बैठकीत सगळ्यांचा एकच सूर: झाड पाडून टाका. मी विरोध केला, तेव्हा एका आजींनी विचारलं, "उद्या माझ्या नातवाच्या अंगावर पडलं तर?"

'झाडं प्राणवायू देतात' हे काही या प्रश्नाचं उत्तर नाही. झाडं पडतात आणि त्याखाली माणसं दगावतात. आजींची भीती खरी होती आणि झाडावर माया असणाऱ्यांनी ती आधी मान्य करायला हवी.

मग मी ती फांदी नीट पाहिली. जिथून सुटली तिथलं लाकूड आतून भुसभुशीत झालेलं. काही वर्षांपूर्वी तारांना लागतं म्हणून त्या झाडाचा शेंडा सरसकट उडवला होता, नेमकी तीच जागा! शेंडा उडवला की सालीखालचे झोपलेले डोळे, म्हणजे सुप्त अंकुर, फुटतात आणि धुमाऱ्यांचा झुपका येतो. आपल्याला वाटतं, वा, झाड सावरलं. पण हे धुमारे फक्त वरच्या थराला धरून असतात, फांदीसारखे खोडात खोलवर रुजलेले नसतात. खाली कापलेलं टोक कुजत जातं, वर धुमारे जड होत जातात. मग एक वादळ पुरतं. म्हणजे त्या रात्री पडलेली फांदी आम्हीच तयार केली होती.

अॅलेक्स शायगो या अमेरिकी शास्त्रज्ञानं हजारो झाडं चिरून आतली कूज अभ्यासली. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, असं त्यांनी दाखवलं. झाड कुजक्या भागाभोवती आतून तटबंदी उभारतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवतं. म्हणून छाटणी कुठे होते याला फार महत्त्व आहे. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं, त्याच्या जरा बाहेर कापायचं. खोडाला घासून कापलं तर ती तटबंदीच जाते, लांब खुंट ठेवला तर तो कुजतो. कोयता घेऊन चढणाऱ्या किती जणांना हे कुणी सांगितलेलं असतं?

मुळांचंही तेच. झाड जितकं वर तितकं खाली, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दोनेक फुटांतच असतात आणि आडवी पसरत फांद्यांच्या घेराच्याही बरीच पलीकडे जातात. बुंध्यापासून हातभर अंतरावर केबलसाठी चर खणला की झाडाची एक बाजू सुटलीच. वरून पानं हिरवीगार दिसत राहतात, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. त्यात बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतायचं, म्हणजे पाणीही बंद आणि हवाही बंद. पाईप फोडल्याचा आळ मुळांवर येतो, पण धड पाईप ती सहसा फोडत नाहीत. आधीच गळणाऱ्या सांध्यातून आत शिरतात आणि मग चोंदवतात.

झाडाची बाजू घेताना खरे धोके मी लपवणार नाही. भिंतीच्या फटीत उगवलेलं वड-पिंपळाचं रोप दिसताक्षणी काढा, त्यात दयामाया नको. चिकणमातीवरच्या इमारतीजवळ मोठं झाड उन्हाळ्यात जमीन शोषून आकसवतं. ब्रिटनमध्ये 1976च्या दुष्काळात घरं खचल्याच्या तक्रारींचा पूर आला होता. उलट, असं झाड एकदम पाडलं तर जमीन पाणी पिऊन फुगते आणि तडे तेव्हाही जातात. अरुंद रस्त्यावर झाडांचं दाट छत असेल तर गाड्यांचा धूर खालीच कोंडतो. काहींना परागकणांचा त्रासही होतो.

पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघा. रॉजर उलरिच या अमेरिकी संशोधकानं 1984 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. अमेरिकेत 2002 मध्ये एका परदेशी भुंग्याचा शिरकाव लक्षात आला. त्यानं अॅश जातीची कोट्यवधी झाडं मारली. जिथे झाडं गेली त्या भागांत हृदयविकाराचे आणि श्वसनविकारांचे मृत्यू वाढल्याचं 2013च्या अभ्यासात दिसलं. झाडं गेली म्हणूनच माणसं गेली, असं त्यातून सिद्ध होत नाही. तरी तो अभ्यास वाचल्यावर मी बराच वेळ खिडकीशी उभी होते.

ब्रिटनमध्ये झाड पडून मरण्याची शक्यता वर्षाला साधारण एक कोटीत एक धरतात. हा आकडा मी आजींना सांगितला नाही. नातू एकच असतो.

त्याऐवजी आम्ही जाणकार बोलावला. त्यानं बुंधा ठोकून आवाज ऐकला, मुळाशी अळंबी आहे का, माती एका बाजूनं उचलली आहे का, ते पाहिलं. खोडात ढोली निघाली, पण बाहेरचं लाकूड जाड आणि निरोगी होतं. पोकळ झाड म्हणजे पडणारं झाड नव्हे, हे तेव्हा कळलं. दोन कमकुवत फांद्या उतरवल्या, बुंध्याभोवतीचं काँक्रीट फोडून मोठं आळं केलं. आजी शेवटपर्यंत खुर्ची टाकून बसल्या होत्या.

पुढची तपासणी पावसाळ्याआधी आहे. तेव्हा मुळं कुजलेली निघाली, तर झाड उतरवायला पहिला हात मी वर करीन. मधल्या काळात भिंतीपासून आणि तारांपासून पुरेसं दूर एक रोप लावलं आहे.