मुरूम सात दिवसांत जात नाहीत

फॅमिली ग्रुपवर दर काही महिन्यांनी एक मजकूर परततो. त्याचा सारांश असा: विशी उलटल्यावरही मुरूम येतात म्हणजे रक्त अशुद्ध आहे. पोट साफ ठेवा, दिवसातून पाच-सहा वेळा तोंड धुवा, लिंबाच्या रसात खायचा सोडा कालवून लावा, तेलकट चेहऱ्याला क्रीम लावू नका. सात दिवसांत चेहरा नितळ!

यात रक्ताचा काही संबंध नाही. संप्रेरकांमुळे त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, मृत पेशींनी छिद्राचं तोंड बुजतं, आत जिवाणू वाढतात आणि सूज येते. पंचविशीतल्या मुलींना हे अनेकदा हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेनं, पाळीच्या आधी होतं. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएसची (बीजाशय आणि संप्रेरकांच्या बिघाडाची) तपासणी करून घ्यावी. तिथे पोट साफ करणारं चूर्ण काय करणार? खाण्याचा थोडाफार हात असतो, पण तो गोडाधोडाचा, मैद्याचा, काहींच्या बाबतीत दुधाचा. जिमला जाणाऱ्यांनी आपल्या व्हे प्रोटीनकडेही (दुधापासून केलेल्या प्रथिनांच्या पावडरकडे) संशयानं बघावं.

तोंड दोनदा धुतलं की पुरे. लिंबाचा सामू (आम्लतेचा आकडा, पीएच) साधारण २, त्वचेचा ५ च्या आसपास, सोड्याचा ८ च्या वर. त्वचेला दोन्ही झोंबतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर अशा जळजळीचे काळे डाग पडतात आणि मुरूम गेल्यावरही महिनोन् महिने राहतात. लिंबू लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे चट्टेही उठू शकतात.

आता ते सात दिवस. सगळ्यात घातक भाग हाच. आज दिसणारी पुळी आत काही आठवड्यांपूर्वीच सुरू झालेली असते, म्हणून खऱ्या औषधाला ८ ते १२ आठवडे लागतात. आठवड्यात लाली उतरवणारं क्रीम कुणी हातात ठेवलं, तर त्यात स्टेरॉइड नाही ना ते बघा. त्यानं त्वचा पातळ होते, आणि ते थांबवलं की मुरूम दुपटीनं उसळतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ‘गोरं करणारं क्रीम’ म्हणून ती आजही सहज मिळतात.

नित्यक्रम कंटाळवाणाच असतो. सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन. डॉक्टरांना विचारून रात्री ०.१ टक्के अ‍ॅडापलीन (छिद्रं बुजू न देणारं लावायचं औषध), वाटाण्याएवढं, नुसत्या पुळीवर नाही तर सगळ्या चेहऱ्यावर. सुरुवातीला एक दिवसाआड. जिवाणू मारणारं बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्क्यांचं बहुतेकांना पुरतं (उशीचे अभ्रे पांढरे ठेवा, रंग उडतो). दोन्हींनी त्वचा कोरडी पडते, त्यामुळे ‘क्रीम लावू नका’ हा सल्ला नेमका उलटा आहे. मात्र खोबरेल तेल चेहऱ्यावर नको.

दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर अ‍ॅडापलीन वापरू नये. आणि आतून ठणकणाऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडत असतील, तर बारा आठवडे वाट न बघता त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. ते कदाचित आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या देतील. त्यांनी गर्भाला गंभीर व्यंग येऊ शकतं, तेव्हा मैत्रिणीच्या पाकिटातली गोळी उसनी घेऊ नका.