"लेझर म्हणजे काय, नुसतं बटण दाबायचं" म्हणे!

अमेरिकेतल्या ऑप्टोमेट्रिस्टना (डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारे, सर्जन नसलेले) डोळ्यांचं लेझर करू द्या, असं सांगणारं एक फॉरवर्ड सध्या जोरात फिरतंय. थोडक्यात त्यात लिहिलंय की हे पाच मिनिटांचं काम, मशीनच सगळं करतं, ओक्लाहोमा राज्यात १९९८ पासून चालू आहे आणि काही बिघडलं नाही, गावाकडच्यांची सोय होते, आणि डोळ्यांचे सर्जन लोक ओरडतात ते फक्त धंदा जाईल म्हणून.

आधी एक गैरसमज काढूया. हे वाचून काही जणांना वाटलं की आता नंबर काढणारेच लॅसिक, म्हणजे चष्मा घालवायचं लेझर, करणार. तसं नाहीये, ओक्लाहोमाच्या कायद्यात लॅसिक आणि पडद्याचं (रेटिनाचं) लेझर सरळ वगळलंय. भांडण आहे ते छोट्या लेझरांवरून. आणि ऑप्टोमेट्रिस्ट म्हणजे चष्म्याचा दुकानदार पण नाही हां, कॉलेजनंतर चार वर्षं शिकून येतात, काचबिंदू कित्येकदा पहिल्यांदा तेच पकडतात.

आता "मशीनच सगळं करतं". मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, बसवलेल्या लेन्सच्या मागची पातळ पिशवी गढूळ होते, तिला याग लेझरने भोक पाडतात. पेशंट हनुवटी टेकवून बसलेला, डोळ्यावर जेल लावून एक जाड काच धरलेली, समोर दोन लाल ठिपके, ते एकावर एक आले की फोकस लागला, मग तो मुद्दाम केसभर मागे न्यायचा कारण पुढे राहिला तर नव्या लेन्सवरच खड्डा पडतो, आणि तेवढ्यात पेशंट खोकतो. बटण दाबायला एक सेकंद लागतो हे खरंय. पण धूसर दिसतंय ते पिशवीमुळे की पडद्याला सूज आलीय म्हणून, हे त्याआधी ठरवायचं असतं. चुकून लेन्समुळेच त्रास असेल आणि तुम्ही पिशवी फोडून बसलात, तर नंतर लेन्स बदलणं फार अवघड होऊन बसतं.

फॉरवर्डमधला सगळ्यात दमदार मुद्दा ट्रेनिंगचा आहे. नेत्ररोगाच्या रेसिडेंटला, म्हणजे डोळ्यांचा सर्जन व्हायला शिकणाऱ्या डॉक्टरला, तरी यागच्या किमान किती केसेस लागतात, तर फक्त ५. आकडा बरोबर आहे, मी पण आधी वाचून गप्प झाले होते. पण त्याच रेसिडेंटला मोतीबिंदूच्या किमान ८६ केसेस कराव्या लागतात, म्हणजे जी पिशवी तो लेझरने फोडतो ती न फाटू देता सांभाळायचं काम त्याने कितीदा तरी स्वतःच्या हाताने केलेलं असतं. फक्त ५ वर बोट ठेवून बाकीचं झाकायचं, ही चलाखी झाली.

"काही बिघडलं नाही" म्हणजे तक्रारी आल्या नाहीत एवढंच. यागनंतर पडदा सुटला तर तो कधी कधी काही महिन्यांनी सुटतो, पेशंट तेव्हा रेटिना सर्जनकडे जातो, लेझर केलेल्याकडे नाही, मग तक्रार करणार कोण? २०१६ मध्ये ओक्लाहोमाच्या मेडिकेअर (म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) पेशंटवरचा एक अभ्यास आला होता, काचबिंदूच्या लेझरचा. त्याच डोळ्याला पुन्हा लेझर लागण्याचं प्रमाण सर्जनच्या पेशंटमध्ये १५.१ टक्के आणि ऑप्टोमेट्रिस्टच्या पेशंटमध्ये ३५.९ टक्के. यावर उत्तर येतं की आम्ही ठरवूनच अर्धं लेझर आज आणि अर्धं नंतर करतो. असेलही, अर्धं अर्धं करणं ही काही चुकीची पद्धत नाही, नुसत्या बिलांच्या डेटातून हेतू कळत नाही. पण मग म्हाताऱ्या माणसाला दोनदा यायला लावून गावाकडच्यांची सोय कशी झाली ते पण सांगा ना.

धंद्याबद्दल बोलायचं तर पैसा दोन्हीकडे आहे, विषय संपला.

आणि "अख्ख्या अमेरिकेने मान्य केलंय" असंही शेवटी ठोकून दिलंय. केंटकी राज्याने २०११ मध्ये मान्य केलं, लुइझियानाने २०१४ मध्ये, नंतर अजून काही राज्यांनी. पण कॅलिफोर्नियात २०२२ मध्ये असंच विधेयक विधिमंडळातून पास होऊनही गव्हर्नर न्यूसम यांनी व्हेटो केलं, आणि कारण दिलं ते हेच, की ट्रेनिंग पुरेसं आहे असं वाटत नाही. ते तर डोळ्यांचे सर्जन नव्हते, त्यांचा कुठला धंदा जाणार होता?