उण्यात गेलेला माणूस बुडव्या नसतो : गल्लीतल्या तासांच्या वहीबद्दल

पैरा म्हणजे काय, हे बेळगाव-खानापूरकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आज मी तुझ्या शेतात रोप लावायला येतो, परवा तू माझ्या. कन्नड शेजारी यालाच मुय्याळू म्हणतात. दोन घरांत हा हिशेब तोंडी चालतो, वाद होत नाही. अडतं ते तिसरं घर आलं की. शिवणवाल्या काकूंना ड्रिल मशीन हवं, ड्रिलवाल्याला वीज कंपनीला (हेस्कॉमला) कन्नडमध्ये अर्ज लिहून हवा, आणि कन्नड लिहिणाऱ्या अण्णांना आईला दवाखान्यात न्यायला सोबत हवी. कुणाचंच कुणाशी सरळ जुळत नाही. जुळवायला मधे कुणी कुणाला किती तास दिले ते लिहिणारी एक वही लागते, बाकी काही नाही. ॲप नको, टोकन नको, कॉइन तर नकोच.

वही गल्लीत चालू करायची म्हटलं की पंचमंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: "फुकट घेऊन पळाला तर?" मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. अशा योजना फुकट्यांमुळं कमी मरतात. जास्त मरतात त्या भल्या माणसांमुळं, जी नुसती देत राहतात आणि घ्यायला लाजतात.

आकड्यात बघा. वहीत ३० खाती आहेत. सगळे शून्यावर सुरू होतात. एकानं तासभर काम दिलं की त्याला अधिक एक, घेणाऱ्याला उणे एक. म्हणजे सगळ्या बाक्यांची बेरीज कायम शून्य. आता तिघंजण फार उपयोगी निघाले, सगळे त्यांनाच बोलावतात, आणि ते मात्र "राहू दे हो, आम्हाला काय लागतंय" म्हणत प्रत्येकी ६० तास साठवून बसले. ते १८० तास कुणाच्या तरी नावावर उणे पडलेच पाहिजेत. बाकीचे २७ जण सरासरी ६ तास ४० मिनिटं उण्यात. मर्यादा १० तासांची असेल तर ते सगळे भिंतीजवळ उभे. मग कुणी काही मागत नाही. मागत नाही म्हणून काम निघत नाही, काम निघत नाही म्हणून उणं फिटत नाही. बाहेरून लोक म्हणतात, "उत्साह संपला." उत्साह काही संपलेला नसतो, तास तीन खात्यांत अडकलेले असतात.

हे अमेरिकेतही झालंय. वॉशिंग्टनच्या कॅपिटल हिल भागात १९७० च्या दशकात साधारण १५० जोडप्यांची एकमेकांची मुलं सांभाळायची योजना होती, अर्ध्या तासाला एक कुपन. पुढं कधी लागतील म्हणून लोक कुपनं साठवू लागले, घराबाहेर पडेनात, आणि घराबाहेर कुणी पडलं नाही तर मुलं सांभाळून कुपन मिळवायची संधी तरी कुठली? योजना जवळजवळ ठप्प झाली. कुपनं वाढवल्यावर सुटली, मग ती जास्त झाल्यावर उलटी अडचण आली.

कॅनडात कोमॉक्स खोऱ्यात मायकेल लिंटननं १९८३ मध्ये जी पद्धत काढली, तिच्यात कुपनच नाही. नुसती नोंद. ज्याला गरज, तो उण्यात जातो, आणि त्याच क्षणी समोरच्याचं अधिक तयार होतं. आपल्याला हीच पद्धत सोयीची, आणि कायद्यालाही. धारकाला देय, म्हणजे ज्याच्या हातात असेल त्याला पैसे द्यावे लागतील असा कागद छापून फिरवायचा हक्क रिझर्व्ह बँक कायदा १९३४ प्रमाणं तुम्हा-आम्हाला नाही. म्हणून चलनासारखा फिरेल असा कागद छापूच नका. पावती असावी ती फक्त कोणी काय केलं याची. परत करायच्या बोलीनं रोख अनामतही घेऊ नका; २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याच्या वाटेला जायचं कारण नाही. तासांचे रुपये कुणालाही, कधीही करून देऊ नयेत. एकदा दिले की तासाला 'भाव' फुटतो आणि वहीची भिशी होते. आणि दुकानदार सभासद असेल, जीएसटीत नोंदलेला असेल, तर त्यानं धंद्यातला माल वहीत आणू नये. अदलाबदल हीसुद्धा जीएसटीच्या लेखी पुरवठाच आहे.

आता मोजमाप. लिंटनचं एकक डॉलरच्या बरोबरीचं होतं. अमेरिकेतले वकील एडगर कान यांची टाइम डॉलर पद्धत वेगळी : कुणाचाही तास सारखा. इथं मी कान यांच्या बाजूनं. डॉक्टरचा तास तीन आणि धुणंभांडीवालीचा अर्धा असं एकदा ठरलं की तुम्ही बलुतं परत लिहायला बसलात, फक्त एक्सेलमध्ये. बलुतेदाराला सुगीला खळ्यावर धान्य मिळायचं, पण किती मिळायचं हे तो ठरवत नव्हता. ज्याला सारखा तास परवडत नाही, त्यानं ते कौशल्य यादीत घालू नये, दुसरं घालावं. वकिलाला पोहायला शिकवता येत असेल की.

पण याच नियमाची दुसरी बाजू कडक ठेवा. गवंडी, रंगारी, यंत्रमागावरचा कामगार यांच्याकडून महिन्याला ४ तासांच्या वर घेऊ नका. त्यांचा किराणा दुकानात तासांनी मिळत नाही. समाजसेवेच्या नावाखाली रोजंदारीवाल्याचा रविवार खाणं हे पाप आहे, स्पष्ट बोलतो.

नोंद तासात नको, मिनिटात करा. कारण अगदी क्षुल्लक आहे, पण सगळ्या भांडणांचं मूळ तेच: दीड तास एकजण १.५ लिहितो, दुसरा १.३०. बेरीज करणारा दोन्ही आकडे तसेच मिळवतो. मिनिटात ९० म्हणजे ९०. सगळं १५ च्या पटीत. मग ५४ दिसलं की लगेच कळतं, ४५ लिहिताना आकडे उलटे पडलेत. महिनाअखेर बेरीज शून्य आली नाही तर फरक बघा. फरकाएवढीच एखादी नोंद असेल तर ती एकाच खात्यात पडली आहे; फरकाच्या निम्म्याची असेल तर अधिक-उणे चुकून एकाच बाजूला गेलंय. दहातली नऊ बिंगं इथंच फुटतात.

पावतीपुस्तक कार्बनचं, दोन प्रती. तारीख, देणाऱ्याचा नंबर, घेणाऱ्याचा नंबर, काम, मिनिटं. सही मात्र घेणाऱ्याची. धनादेशासारखं: ज्याच्या नावावर उणे पडणार, त्यानंच लिहून द्यायचं. देणाऱ्याच्या सहीवर नोंद घेतली की "मी तर दोनच तास बोललो होतो" सुरू होतं. पावती मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा, फॉर्म दोन्ही भाषेत छापा. आपल्या गल्लीत दोन्ही घरं आहेत, आणि वही एका भाषेची झाली तर निम्मी कौशल्यं दाराबाहेर राहतात. उलट बघितलं तर आपल्या भागात सगळ्यात जास्त मागणी असलेलं कौशल्य बहुधा हेच निघेल: कन्नड नोटीस वाचून सांगणं, अर्ज लिहून देणं, मराठी माध्यमाच्या पोरांचा कन्नड विषय घेणं. राजकारणाचं जे व्हायचं ते होवो, हे काम उद्या सकाळी लागणार आहे.

खातं घराच्या नावावर उघडू नका, माणसाच्या नावावर उघडा. नाहीतर बाईनं पापड लाटून, कांड्या भरून मिळवलेले तास नवरोबा गाडी धुवून घेण्यात उडवतात, आणि वहीत सगळं चोख दिसतं.

सुरुवात २५ ते ४० खात्यांनी. त्याहून कमी असतील तर जुळणी होत नाही. सुरुवातीलाच १०० झाली तर कोण कोणाला ओळखतो कळत नाही आणि भरवसा पातळ होतो. यादी करताना "तुम्हाला काय येतं?" असं विचारू नका. दहापैकी सात बायका "मला काही येत नाही" म्हणतील आणि उरलेल्या तीन मेंदी म्हणतील. विचारायचं असं: गल्लीतले लोक तुमच्याकडं काय मागायला येतात? गेल्या दोन महिन्यांत कुठल्या कामाला पैसे दिले? घरात काय अडकून पडलंय? आधी प्रत्येकाच्या पाच गरजा, मग तीन देणी, म्हणजे देता येतील अशी कामं. गरजांची यादी देण्यांच्या यादीपेक्षा लांब असली पाहिजे. उलट असेल तर चालू करू नका, अजून चार घरं फिरा. गॅसचा रेग्युलेटर-नळी, मीटरबोर्डाचं काम, इंजेक्शन हे यादीतच घ्यायचं नाही. मुलं सांभाळणाऱ्याला दोन घरांची ओळख लागते.

मर्यादा: उणे ६०० मिनिटं, अधिक ९००. नव्या माणसाला पहिले तीन व्यवहार होईपर्यंत उणे १८०. अधिक ९०० ला पोचलेल्या माणसाला समन्वयकानं, म्हणजे गरजा-देणी जुळवून देणाऱ्यानं, फोन करायचा. "किती छान" म्हणायला नव्हे, "तुमच्या माळ्यावर काय पडलंय, कधी माणूस पाठवू?" हे विचारायला. खरंच काही नको असेल तर जादा मिनिटं आधार खात्यात टाकता येतात. त्यातून आजारी, एकट्या माणसांची कामं होतात. ऑस्ट्रियातल्या व्योर्गल गावानं १९३२ मध्ये स्वतःच काढलेल्या नोटेवर दरमहा १ टक्क्याचं तिकीट चिकटवायला लावून साठवणूक मोडली होती. १९३३ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेनं ते बंद पाडलं. पैसा फिरवायला तो उपाय चांगला होता, पण गल्लीत नको. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सोबत लागेल म्हणून दहा तास जपणाऱ्या आजीवर दंड कशाला?

वही लिहिणाऱ्याला फुकट राबवू नका, नाहीतर आठव्या महिन्यात तो दुसऱ्या गल्लीत राहायला जातो. दरमहा प्रत्येक खात्यावर १५ मिनिटं वर्गणी. ३० खात्यांचे ४५०. त्यातले २४० समन्वयकाला, १२० वही लिहिणाऱ्याला, ९० बुडीत खात्याला. समितीचं खातं कधीही उणे जाऊ द्यायचं नाही. सभासदाचं उणं तो काम करून फेडतो. समितीच्या उण्यामागं फेडणारं कुणीच नसतं, आणि सगळ्यांच्या अधिक बाकीत पाणी मिसळलं जातं. गाव सोडून जाणाऱ्याला उणं फेडायला तीन महिने द्या, उरलं तर बुडीत खात्यातून मिटवा. आणि नाव बोर्डावर लावू नका.

वस्तूंचं वेगळं. सामानाचे पैसे रोख, मेहनत मिनिटात: उडदाचं पीठ रोखीनं, लाटणं वहीत. वस्तूंच्या अदलाबदलीचा दिवस ठेवला तर जुन्या वस्तूंना मिनिटांच्या फक्त चार पायऱ्या : ३०, ६०, १२०, २४०. घासाघीस नाही. धान्य किलोत तोलायचं, पायली नको. पायली गावागणिक वेगळी. भाताचं बी असेल तर आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून मोजा, ८० च्या खाली उगवले तर ते बी म्हणून द्यायचं नाही, आणि हायब्रीडचं घरचं बी तर नाहीच, पीक एकसारखं येत नाही. रताळ्याचे वेल देताना शेंड्याकडचे तुकडे द्या. बुडख्याकडच्या वेलातून भुंगा दुसऱ्याच्या रानात जातो. विजेची वस्तू टेबलावर ठेवण्याआधी १०० वॅटचा बल्ब सिरीजला लावून तपासा. बल्ब पूर्ण तेजानं पेटला तर बहुधा आत शॉर्ट आहे, परत पाठवा. हेल्मेट, औषधं, उशा घ्यायच्या नाहीत. संध्याकाळी उरलेलं ज्यानं आणलं त्यानं घरी न्यायचं, नाहीतर महिन्याभरात देवळाच्या मागची खोली भंगाराचं दुकान होते.

उसन्या द्यायच्या अवजारांत सगळ्यात धोक्याचा फवारणीचा पंप. एकानं तणनाशक मारून नुसता पाण्यानं खळबळून परत दिला, दुसऱ्यानं त्यातनंच टोमॅटोवर औषध मारलं, की पानं वाकडी झालीच म्हणून समजा. २,४-डी हे तणनाशक नळीत आणि वायसरात राहतं. तणनाशकाचा पंप वेगळा, टाकीवर लाल पट्टा, आणि तो पंप भाजीवाल्याला द्यायचाच नाही.

रोप लावणीच्या दिवसांत वहीकडून काही अपेक्षा ठेवू नका. सगळ्यांना एकाच आठवड्यात माणसं लागतात, द्यायला कुणी रिकामं नसतं. तिथं जुना पैराच बरा: पाच-सहा घरांची टोळी, दिवसाला दिवस, हंगाम संपायच्या आत फिटलं पाहिजे. ते वहीत ओढू नका, शेतातल्या दिवसाचे तास मोजत बसलात तर दोन्ही मोडतील.

पहिली बैठक ठेवाल तेव्हा पावतीपुस्तक बरोबर न्या. पहिलं उणे अध्यक्षांच्या नावावर पडू दे, सगळ्यांसमोर. कुणाकडून तरी काही करून घ्या, छत्री दुरुस्त करून घ्या, अर्ज लिहून घ्या. आणि खुर्च्या ज्या पोरांनी मांडल्या, त्यांचीही ३० मिनिटांची पावती त्याच दिवशी फाडा.